सहलीच्या यादीत याहामोगीही हवी

शाळांच्या सहली निघायचे हे दिवस. वेगवेगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं मुलांना दाखवावीत, असं अनेक शिक्षकांच्या मनात असतं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात त्यासाठी लांब जायला नको. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे, आपली दक्षिण काशी. सारंगखेड्याला एकमुखी दत्त आहे. नंदुरबारात इमाम बादशहांचा दर्गा, नवापूरकडे चर्चं.

पण एवढ्यावर यादी संपवली, तर मला ते पटत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातले शंभरातले ६९ लोक आदिवासी आहेत. त्यांच्या देवाचं ठिकाण या यादीत कुठे आहे? भिल्ल किंवा पावरा घरातलं पोर वहीत देऊळ काढतं, मशीद काढतं, क्रूस काढतं. त्याच्या शिवारातला वाघदेव मात्र वहीबाहेरच राहतो. त्याला ना कळस, ना घुमट. म्हणून शाळेच्या लेखी तो देवच नाही, असं त्या पोरानं का समजावं?

सातपुड्यात अस्तंब्याचं शिखर आहे, चार हजार फुटांहून उंच. दिवाळीत तरुण पोरं अश्वत्थाम्याच्या दर्शनाला ते चढून जातात. तिथे डोंगर हेच देवस्थान. याहामोगी माता धान्याची देवी. तिचं ठाणं असलेलं देवमोगरा गाव आज गुजरातेत आहे, पण महाशिवरात्रीला आपल्या अक्कलकुवा-धडगावातून माणसं तिकडे लोटतात. बांबूच्या नव्या टोपलीत धान्य घेऊन जातात, मोहाची दारू वाहतात. आणि तळोदा तालुक्यात मोरवडला काय झालं? १९३०च्या दशकात गुला महाराजांनी आरती सुरू केली, हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. त्यांचे अनुयायी आजही ‘आप की जय’ म्हणतात. एकाच समाजात एका ठिकाणी मोहाची धार देवीला चढते, दुसऱ्या ठिकाणी ती वर्ज्य. मुलांनी हे दोन्ही पाहावं. धर्म म्हणजे एकच साचा नव्हे, हे त्यांना इथे जितकं स्वच्छ दिसेल, तितकं पाठ्यपुस्तकात दिसणार नाही.

मुलांना दुसऱ्या धर्माच्या उपासनेला बसवतील, म्हणून काही पालक बिचकतात, ते मी समजू शकतो. आपल्या संविधानाच्या २८व्या कलमानं ही काळजी आधीच घेतली आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही; मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. तेव्हा हे पालकसभेत सरळ सांगावं. मुलं बघायला आणि विचारायला जाणार आहेत. दर्ग्यात डोक्यावर रुमाल घेणं, चपला बाहेर काढणं, ही पाहुण्याची रीत झाली. हात जोडायचे की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मावची बोलणाऱ्या गावात चर्चमध्ये प्रार्थना कोणत्या भाषेत होते, वाघदेवाला शेंदूर कोण लावतं, असे प्रश्न मुलांनीच काढू देत.

आणि एक विनंती. यात्रेच्या गर्दीत जाऊ नका. साध्या दिवशी जा, म्हणजे पुजारी, मुजावर, पाद्री यांना बोलायला सवड मिळेल. पाड्यावरच्या देवाकडे जायचं असेल, तर आधी तिथल्या पुजाऱ्याला भेटून या. कुठपर्यंत यायचं, फोटो काढायचा की नाही, मुलींना जाता येतं का, हे त्याच्याच तोंडून ऐका. तो नको म्हणाला, तर ते का, हेही मुलांसमोरच विचारा.