शाळा चालवा, पण बोलू नका
(बरखेडा, भोपाळ येथील मराठी मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)

अध्यक्ष म्हणून माझं नाव ठरलं त्या संध्याकाळी कार्यकारिणीतले एक जण घरी आले. चहा झाला, गुडघेदुखी झाली, आणि चपला घालता घालता ते म्हणाले, "काका, नाताळ जवळ आलाय, तेव्हा भाषण जरा हलकंफुलकं ठेवा. आणि काकूंचा तो केक आणा."

केक आणलेला नाही. आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना निघायचंय ते निघू शकतील.

मी वसईचा. सत्तरच्या दशकात अप्रेंटिस म्हणून इथे आलो तेव्हा जुने लोक इथल्या भेल कारखान्याला अजून 'हेवी'च म्हणत. ट्रॅक्शन मोटरच्या शॉपमध्ये आयुष्य गेलं. या बरखेड्यात मला कुणी कधी वाईट वागवलं नाही. गणपतीत आरतीला मी होतो, तुम्ही नाताळच्या रात्री चर्चच्या आवारात होता. तुमच्यातल्या निम्म्यांनी मुलांच्या ॲडमिशनसाठी माझ्याकडून फादरना नाहीतर सिस्टरना चिठ्ठी मागितली आहे. मी दिलीही. म्हणून मला बोलायचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

तक्रार अशी, की एवढ्या वर्षांत माझ्या धर्माच्या माणसाकडे तुम्ही शिस्त मागितलीत, इंग्रजी मागितलंत, दवाखाना मागितलात, पण विचार कधी मागितला नाहीत. आमच्याशी तुमचा एक न लिहिलेला करार आहे. शाळा चालवा, पण बोलू नका. आणि आमच्या पुढाऱ्यांनी, झग्यातल्या आणि शर्टपँटमधल्याही, त्या करारावर आनंदाने सही केलेली आहे. आजचं भांडण दोघांशी आहे.

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट घ्या. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज, येशूसंघीयांनी १८६९ साली काढलेलं. तिथल्या आंतरधर्मीय अभ्यास विभागाने फादर स्टॅन स्वामी यांच्या स्मरणार्थ एक व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते फादर प्रेम खलखो, रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातले प्राध्यापक, बोलणार होते ऑनलाइन. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने हरकत घेतली की एल्गार परिषद प्रकरणातल्या आरोपीच्या नावाने कॉलेजात कार्यक्रम कसा होतो. व्याख्यान रद्द झालं.

आता हरकतीचं बघू. स्टॅन स्वामींना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक झाली. कंपवाताने हात थरथरत, पेला धरवत नसे, म्हणून त्यांना तळोजा तुरुंगात पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी ते वांद्र्याच्या हॉस्पिटलात, कोठडीतच वारले. वय ८४. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. त्यांच्यावरचे आरोप खरे मानणारे या सभागृहात असतील. असूद्यात. त्यांनी त्या व्याख्यानाला जावं, हात वर करावा आणि वक्त्याला कोंडीत पकडावं. कॉलेज असतंच त्यासाठी. आरोप सिद्ध न होता मेलेल्या माणसाचं नाव फलकावर लिहायलाही बंदी, हा कायदा कोणत्या पुस्तकात आहे ते मला दाखवा.

आणि विषय काय होता? पोटासाठीचं स्थलांतर! मंडळी, या हॉलमध्ये मूळचा भोपाळचा कोण आहे? हात वर करा. ...तीन. बाकी आपण सगळे कुठून आलो? कुणाचे वडील अमरावतीहून, कुणाचे जळगावहून, कुणी ग्वाल्हेर-इंदूरच्या जुन्या मराठी घरातले, मी वसईचा. नेहरूंच्या काळात इथे माळरानावर कारखाना उभा राहिला आणि आपण पोटामागे आलो. आपल्यावरचंच व्याख्यान होतं ते! आणि ते झालं नाही याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही, कारण वर नाव एका पाद्र्याचं होतं.

पण मी त्या विद्यार्थी संघटनेवर फार वेळ घालवणार नाही. ओरडणं हे त्यांचं काम, ते त्यांनी केलं. रद्द करणं हे कॉलेजचं काम होतं का? दीडशे वर्षं उभी असलेली संस्था एका पत्राने वाकते, तेव्हा मला माझ्याच लोकांची लाज वाटते. याच कॉलेजचे तेव्हाचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हास यांनी २०१४ च्या निवडणुकीत विद्यार्थ्यांसाठी 'गुजरात मॉडेल'वर टिपण लिहिलं होतं आणि त्यावरचा गदारोळ अंगावर घेतला होता. मला ते टिपण सगळंच्या सगळं पटलं होतं असं नाही. प्राचार्याने निवडणुकीच्या तोंडावर असं लिहावं का, यावर माझं नि माझ्या मुलाचं जेवणाच्या ताटावर भांडण झालं. पण भांडण झालं, हे महत्त्वाचं! रद्द झालेल्या व्याख्यानावर कुणी जेवताना भांडत नाही.

आमच्याच लोकांच्या एका कॉलेजात मी स्वतः आपटलेलो आहे. नाव सांगणार नाही, गावही नाही. मी सुचवलं होतं, कामिल बुल्के यांच्या रामकथेवर एक दिवसाचं चर्चासत्र घ्या. बुल्के बेल्जियमचे येशूसंघीय. अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी रामकथेच्या उत्पत्तीवर आणि विकासावर प्रबंध लिहिला, तोही हिंदीत, आणि त्यासाठी विद्यापीठाला इंग्रजीचा नियम बाजूला ठेवावा लागला. पुढे रांचीच्या सेंट झेवियर्समध्ये हिंदीचे विभागप्रमुख. १९७४ साली पद्मभूषण. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश या शहरातल्या कितीतरी सरकारी टेबलांवर मी पाहिलाय. त्या कॉलेजच्या प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विषय चांगला आहे हो, पण राम आणि पाद्री एकाच पत्रिकेवर? उगाच कुणी काही बोलेल. त्यापेक्षा वार्षिक दिनाला या ना, बक्षिसं वाटायला." मी गेलो. वाटली बक्षिसं. सगळ्यात जास्त टाळ्या शंभर टक्के हजेरीला पडल्या.

आता तुमच्याकडे वळतो. मराठीचा अभिमान असलेल्या प्रत्येक सभेत फादर स्टीफन्सची ती एक ओवी म्हटली जाते, मराठी भाषेची स्तुती करणारी. ती तुम्हाला पाठ आहे, कारण तीत तुमची स्तुती आहे. उरलेल्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं काय? इंग्लंडमधून गोव्यात आलेल्या त्या येशूसंघीयाने १६१६ साली सासष्टीतल्या राचोलला 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ छापला, रोमी लिपीत. तो देवनागरीत छापून यायला १९५६ उजाडलं. तीनशे चाळीस वर्षं! आणि ते काम केलं शांताराम बंडेलू यांनी, म्हणजे तुमच्यातल्या एकाने. आमच्यातल्या कुणालाही तोवर ती गरज वाटली नाही, हेही लिहून घ्या.

त्या ग्रंथाच्या सुरुवातीला एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीबाबांना तोंडावर विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? ख्रिस्तपुराणाचा जन्म या प्रश्नातून आहे. लक्षात घ्या, बाजूलाच इन्क्विझिशन चालू होतं. पोथ्या जप्त करणारे आणि पुराण लिहिणारे एकाच चर्चचे होते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी बोलीच बंद करायचा हुकूम काढला. आमच्या घरातलं हे पाप मी झाकत नाही, झाकलं तर तुम्ही ते बरोबर उघडाल. पण त्याच घरात एक माणूस असा निघाला की ज्याने प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवलं नाही. त्याला प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं, आणि उत्तर ओवीत द्यावंसं वाटलं. तुम्ही विद्यापीठात त्याला 'मिशनरी वाङ्मय' अशा वेगळ्या प्रकरणात बसवता आणि परीक्षेला पाच मार्कांची टीप लिहायला लावता.

(चिठ्ठी आली आहे. 'आटोपतं घ्यावे.' घेतो, घेतो. जेवण मसालेभाताचं आहे, तो गारही चांगला लागतो.)

पुण्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे वेगळं घडू शकतं हे दिसलं होतं. गी दलरी नावाचे फ्रेंच पाद्री वारीत चालले आणि १९६० साली त्यांचा विठोबावरचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने काढला. मॅथ्यू लेदर्ले या जर्मन येशूसंघीयाने आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वचिंतनावर पुस्तक लिहिलं आणि शनिवार पेठेत स्नेहसदन चालवलं. शनिवार पेठेत, बरं का! कॅम्पात नव्हे. तिथे वाद घालायला शास्त्री येत, समाजवादी येत. आणि वसईच्या भुईगावचे थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला, १९८७ साली तो पुण्यातून पुस्तक म्हणून निघाला. हा माणूस पुढे वसईचा पहिला बिशप झाला. म्हणजे आमचा बिशप तुकाराम वाचून झालेला. तुमच्यापैकी कितींना हे माहीत होतं?

उलट जानेवारी २०२० मधलं उस्मानाबादचं संमेलन आठवा. फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. वर्षानुवर्षं 'सुवार्ता' चालवलेला संपादक, हरित वसईच्या लढ्यात उभा राहिलेला माणूस, सबंध बायबल आजच्या मराठीत आणून साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेला. आणि विरोध कशाला, तर फादर आहे म्हणून. उद्घाटक ना. धों. महानोर, त्यांनाही जाऊ नका म्हणून दबाव. महानोर गेले. दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने बेजार, तरीही गेले, आणि तिथे त्यांनी गोड गोड भाषण केलं नाही. जुलै २०२४ मध्ये ते वारले. आपल्या मंडळाने श्रद्धांजली वाहिली होती, दोन मिनिटं उभं राहून. त्यांचं एकही पुस्तक मात्र आपल्या कपाटात नाही. मी काल किल्ली मागून पाहिलं.

भोपाळपुरतं एकच. इथले पहिले आर्चबिशप युजीन डिसूझा नागपूरहून आले होते, १९६३ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॅटिकन परिषदेत हा भोपाळचा माणूस भर सभेत उठला आणि रोमच्या कचेऱ्यांना त्याने सुनावलं, की बिशपांनी बहुमताने कौल दिलेला असताना तुम्ही तो नसल्यासारखा कसा धरता? पोपच्या दारात उभं राहून पोपच्या अधिकाऱ्यांना विचारलं! आज त्याच शहरातले आमचे संस्थाचालक तहसीलच्या बाबूला उत्तर देताना आवंढा गिळतात. मला कारणं माहीत आहेत. १९५६ चा मिशनऱ्यांवरचा नियोगी समितीचा अहवाल माहीत आहे, १९६८ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा माहीत आहे, २०२१ चा त्याहून कडक कायदाही. भीती खोटी नाही. पण धर्मांतराच्या कायद्यात तुकारामावर, रामकथेवर किंवा स्थलांतरावर बोलायची बंदी कुठेच नाही. ती आम्ही आमच्या हाताने लावून घेतली आहे, आणि तुम्हाला ती सोयीची वाटते म्हणून तुम्ही विचारत नाही.

तर आता कामाचं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, याच हॉलमध्ये मी ख्रिस्तपुराणाचा पहिला अवस्वर, म्हणजे पहिला अध्याय, वाचणार आहे. हॉलचं भाडं मी भरलंय, पावती खिशात आहे. भेलच्या वसाहतीतल्या दोन्ही बाजूंच्या तरुण मुलांना मी स्वतः जाऊन बोलावणार आहे, घोषणा देणाऱ्यांनाही. पहिली वीस मिनिटं हरकत घेणाऱ्यांची. इन्क्विझिशनबद्दल विचारा, धर्मांतराबद्दल विचारा, स्टॅन स्वामींबद्दल विचारा. फादरनाही सांगितलंय. ते म्हणाले, "बघतो." त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवतोय, आणि कुणी आदराने बसू नये म्हणून तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवणार आहे. ते आले नाहीत तर खुर्ची तशीच रिकामी राहील, सगळ्यांना दिसेल अशी.

चहा असेल. केक नाही.