मालमोटार शिकविणारी शाळा आणि परवान्यावरील नोंद

मुलाला कोणत्या महाविद्यालयांत घालावें याचा खल शहरांतील सुशिक्षित घरांत महिनोन् महिने चालतो. परंतु मोटार शिकण्याची शाळा निवडावयाची असली म्हणजे कोपऱ्यावरची पहिली पाटी पाहून काम भागविलें जातें. घरची लहान गाडी चालवूं पाहणाराला हें कदाचित् खपून जाईल. मालमोटार चालवून संसार उभा करूं इच्छिणाऱ्या तरुणाला मात्र तें महागांत पडतें. आणि असा तरुण सुशिक्षितांच्या उंबरठ्यापाशीं अनेकदां येतो. घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा, इमारतीच्या पहारेकऱ्याचा भाऊ, दुकानांतील हमाल, हे अर्ज वाचून घेण्यासाठीं आणि "काका, कोणत्या शाळेंत नांव घालूं?" असें विचारण्यासाठीं याच घरांत येतात. त्यांस काय उत्तर द्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मालमोटार चालविण्यास वयाचीं २० वर्षें पुरीं व्हावीं लागतात, आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हातीं असल्याखेरीज जड मालमोटारीचा शिकाऊ परवाना मिळत नाहीं. डॉक्टरांचा दाखला लागतो. किमान शालेय शिक्षणाची जुनी अट २०१९ सालीं रद्द झाली. परंतु एक अट कायम आहे. परवानाधारक शाळेचा प्रशिक्षणाचा दाखला, म्हणजे नमुना ५, अर्जाबरोबर जोडावा लागतो. सगळी गोम येथेंच आहे. ज्या कागदावांचून पुढें जातां येत नाहीं, तो कागद विकणारा कोणीतरी निघतोच. "तुम्ही फक्त सही करा, बाकीचें आम्ही पाहूं," असें सांगणारी शाळा तरुणाचे पैसे घेते आणि जी विद्या त्याला येत नाहीं तिचा दाखला त्याच्या खिशांत घालते.

ती विद्या कसली, हें खंडाळ्याच्या घाटांत कळतें. भरलेली मालमोटार उताराला लागली म्हणजे तिचें वजनच तिला खालीं ढकलूं लागतें. नवशिका चालक ब्रेकवर पाय दाबून धरतो. घर्षणानें ब्रेकचे ड्रम तापतात, तापले म्हणजे त्यांची पकड सुटत जाते, आणि ज्या वळणावर ब्रेकची खरी गरज, तेथेंच तो दगा देतो. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणाराचीही तीच गत होते. जाणता चालक उतार सुरू होण्यापूर्वींच खालचा गिअर टाकतो, इंजिनालाच गाडी आवरूं देतो, आणि हवेच्या ब्रेकचा दाब दाखविणाऱ्या कांट्यावर नजर ठेवतो. लांब गाडी वळतांना मागचीं चाकें पुढच्या चाकांहून आंतल्या बाजूनें जातात. अगदीं जवळ आलेला सायकलस्वार आरशांत दिसेनासा होतो. अर्ध्या भरलेल्या टँकरांतील द्रव वळणावर एका बाजूस धांवतो. मैदानांत रिकाम्या गाडीवर चार फेऱ्या मारून हें ज्ञान अंगीं येत नाहीं. तें कोणीतरी शेजारीं बसून द्यावें लागतें.

म्हणून शाळेंत गेल्यावर फीचा आंकडा विचारण्याआधीं चार गोष्टी पाहाव्या. शाळेच्या स्वतःच्या परवान्यांत जड वाहनांचा समावेश आहे काय? शिकविण्याची जड गाडी शाळेची आहे काय, आणि तिला शिक्षकाच्या बाजूसही ब्रेक आहे काय? प्रत्येक विद्यार्थ्यानें किती तास गाडी चालविली याची नोंदवही, म्हणजे नमुना १५, ठेवावी असा नियम आहे. ती वही शाळा दाखविते काय? आणि शेवटीं, भरलेली गाडी, रात्रीची वेळ, उतार आणि मागें घेणें, यांपैकीं काय काय प्रत्यक्ष शिकविलें जातें? या प्रश्नांना जेथें हंसून उत्तर टाळलें जातें, तेथून उठावें हें बरें.

१ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था सुरू झाली आहे. तेथें जड वाहनांचा अभ्यासक्रम ३८ तासांचा व सहा आठवड्यांच्या मुदतींत पुरा करावयाचा असून, केंद्रापाशीं चाचणीचा मार्ग व आभासी वाहनाचें यंत्र असावें लागतें. तेथें उत्तीर्ण होणारास आर.टी.ओ. कडील वाहन चालविण्याच्या चाचणींतून सूट मिळते. ही सूट सोयीची खरी. पण तिचा अर्थ असा कीं, केंद्राची परीक्षा हीच शेवटची परीक्षा होय. त्यानंतर परीक्षा घेतो तो रस्ता.

आतां परवान्यावरील नोंदीविषयीं. लहान टेंपोसाठीं वाहतुकीची निराळी नोंद लागते, असा समज अजून पुष्कळ ठिकाणीं आढळतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें निर्णय दिला कीं, ७,५०० किलोहून कमी एकूण वजनाचें मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवितां येतें. त्याहून जड गाडीला मात्र त्या वर्गाची नोंद हवीच.

पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, रसायनें अशा धोकादायक मालाची नोंद ही सर्वांत जबाबदारीची. तिच्यासाठीं तीन दिवसांचें विशेष प्रशिक्षण घ्यावें लागतें, आणि चालकास एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितां-वाचतां यावी असा नियम आहे. तो उगाच नाहीं. टँकरवर मालाचें नांव, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक व धोक्याचें चिन्ह असलेली पाटी लावलेली असते. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे द्रवरूप गॅस. आग विझविणारा बंब येण्यापूर्वीं या पाटीचा अर्थ जाणणारा माणूस त्या जागीं एकटा चालकच असतो. सामान्य मालमोटारीचा परवाना पांच वर्षें चालतो. या नोंदीची मुदत तीनच वर्षें आहे.

१३ जून २०२३ रोजीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर खंडाळ्याजवळील कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला. जळतें रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलें. त्या दिवशीं चार जीव गेले. चालकाच्या विद्येशीं केवळ त्याच्या स्वतःच्या जिवाचा संबंध असतो असें नाहीं, हें त्या पुलाखालून जाणाऱ्या कोणासही निराळें सांगावयास नको.

तेव्हां अर्ज घेऊन कोणी दाराशीं आला तर त्याला स्वस्त शाळेचें नांव सांगून वाटेस लावूं नये. त्याच्याबरोबर एकदां शाळेंत जावें, नोंदवही मागावी, गाडी पाहावी. सुशिक्षित माणसानें विचारलेला प्रश्न शाळेला सहसा टाळतां येत नाहीं. घरच्या धंद्यासाठीं चालक ठेवणारांनीं तर त्याचा परवाना सरकारच्या 'सारथी' या संकेतस्थळावर पडताळून घ्यावाच. योग्य नोंद नसतांना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करूं शकते. एका दुपारचा हा वेळ त्या तरुणाच्या उभ्या आयुष्याच्या कामीं येईल, आणि घाटांत त्याच्या गाडीपुढें चालणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्याही.