मुंबईतला बर्फ आणि आमचा बहात्तरचा दुष्काळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी चिकलठाणा येथे केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाची तयारी करायला सांगा, सतरंज्या झटकायला सांगा, मी पदर खोचून उभी राहीन. पण कार्यवाह ताईंनी यंदा माझे नाव पुढे केले आणि ‘नाही’ म्हणायची सोय ठेवली नाही. तेव्हा गोड मानून घ्यावे.

माझी नात हैदराबादला असते. वय अकरा वर्षे. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. एका रविवारी तिचा फोन आला. “आजी, आज मी मुंबईत बर्फ पडल्याची गोष्ट वाचली. इंग्रजीत होती. तुला सांगू?” तिने सांगितली आणि मी ऐकता ऐकता हसू लागले. म्हटले, “अगं सोने, ही तर आपली मराठी गोष्ट! जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’.” पोरीला खरेच वाटेना. इंग्रजीतली गोष्ट आजीच्या भाषेतून आलेली असू शकते, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक शास्त्रज्ञ आधीपासून बजावत असतो की हिमयुग येऊ घातले आहे. लोक त्याला हसण्यावारी नेतात. समुद्र ही पृथ्वीच्या उष्णतेची गंगाजळी, आणि ती आटत चालली आहे, असे त्याचे म्हणणे. हवा फार गार झाली की तिच्यातली वाफ बारीक हिमकणांत गोठते, ते कण सूर्याचे ऊन परत फिरवतात, त्यामुळे थंडी आणखी वाढते. त्यात ज्वालामुखीच्या धुरळ्याची भर पडते, आणि एका सकाळी मुंबईची मुले उठतात तो बाहेर बर्फ! मग अग्निबाण सोडून ते हिमकण नाहीसे करण्याचा खटाटोप सुरू होतो.

ही गोष्ट माझ्या नातीपर्यंत पोचली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेई. १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली कथा तिकडे पाठवली, पण स्वतःच्या नावाने नव्हे. मोठे नाव पाहून परीक्षकांनी भुलू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव धारण केले. अक्षर ओळखू येईल म्हणून सगळी कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, उतरवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

मंगलाताई म्हणजे नुसत्या नक्कल करून देणाऱ्या गृहिणी नव्हेत, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्या स्वतः गणिताच्या विदुषी. मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या त्याच. पुढच्या वर्षी, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या विज्ञानकथेचे कौतुक केले. म्हणजे बघा, कागदावर पहिले अक्षर एका बाईचे आणि भर मांडवातली शाबासकीही एका बाईची!

मग गोष्टी येत राहिल्या. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा इंग्रजीत आणणारा ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा संग्रह काढला. त्याचे संपादन आपल्या बाळ फोंडके यांनी केले. त्यात ‘हिमप्रलय’ गेली आणि ‘द आइस एज कमेथ’ झाली. हिंदीतही ती आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, मंगलाताई त्याआधी २०२३ साली गेल्या. माणसे गेली, पण गोष्ट हैदराबादच्या एका मुलीच्या दप्तरात शिरली.

तुम्ही म्हणाल, बाई बर्फाचे काय सांगता, इथे तर उन्हाने जीव चालला आहे! रास्त आहे. गोष्टीतले संकट थंडीचे, आपले उन्हाचे. पण हिशेब तोच. दीड-दोनशे वर्षे आपण कोळसा आणि तेल जाळत आलो. पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग असत, आता ४२० हून अधिक आहेत. या वायूच्या पांघरुणाने जी जास्तीची उष्णता कोंडली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. गोष्टीत गंगाजळी आटत होती, खऱ्या जगात ती नको इतकी भरते आहे. आणि ज्वालामुखीचे म्हणाल तर १९९१ साली फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला, तेव्हा त्याच्या धुरळ्याने सारी पृथ्वी वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने गार झाली होती. गोष्ट अगदीच हवेतली नव्हती.

तर गोष्ट ऐकून झाल्यावर नातीने मला विचारले, “आजी, तू असं कधी बघितलंस का गं? सगळं बदलून गेलेलं?”

मैत्रिणींनो, इथे मी अडखळले. माझे माहेर पैठण तालुक्यातले. १९७२ साली मी नऊ वर्षांची होते. विहिरीचा तळ उघडा पडला, बैल विकले, आणि माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिच्या हाताला फोड येत, ते फुटत, आणि त्याच हातांनी ती रात्री तांबड्या मिलोच्या भाकरी थापी. आम्हा मुलांना सुकडी मिळे. धाकट्या भावाला झाडाखाली घेऊन बसणे हे माझे काम. हे सगळे मी सासरी कधी बोलले नाही. आईने खडी फोडली हे सांगायची लाज वाटे. पन्नास वर्षे मी ते गिळून बसले होते.

त्या दिवशी फोनवर ते बाहेर पडले. मी मराठीत सांगत गेले, माझी लेक अडलेल्या शब्दांचा अर्थ सांगत गेली आणि नात इंग्रजीत लिहीत गेली. ‘सुकडी’ला शब्द सापडेना, तेव्हा ती म्हणाली, “आजी, सुकडीच ठेवते.” ते लिखाण तिच्या शाळेच्या वार्षिक अंकात निवडले गेले. मी कळवले, “माझे नाव घालू नकोस.” त्यावर तिने विचारले, “का? तू काही चोरी केलीस का?”

नारळीकरांनी नाव लपवले ते गोष्टीची खरी पारख व्हावी म्हणून. मी लपवत होते ते लाजेपोटी. दोन्हींत फार अंतर आहे. मी म्हटले, “घाल माझे नाव. आणि माझ्या आईचेही घाल.” अंक आला. मला एक अक्षर वाचता आले नाही, पण आईच्या नावावर लेकीने बोट ठेवून दाखवले. मी पुष्कळ वेळ तो कागद हातात घेऊन बसले होते.

बहात्तरचा दुष्काळ या हवापालटानेच आणला असे मी म्हणत नाही. दुष्काळ मराठवाड्याला जुना आहे. पण हवा तापली की जमिनीची ओल लवकर उडते, आणि पाऊस आला तरी थोड्या दिवसांत धो धो पडून वाहून जातो. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले. जुन्या दुष्काळात बायकांनी घर कसे तगवले, हे पुढच्या पिढीला कामास येणार आहे.

आपल्या चिकलठाण्याच्या विमानतळावर हवामानखात्याची वेधशाळा आहे. तिथे पारा किती चढला, पाऊस किती पडला, याची नोंद होते. पण कोणत्या साली कुणाची विहीर आटली, कुणी अंगावरचे डाग मोडले, कुणी दोन घागरींत आठ माणसांचे भागवले, याची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. ती आपल्याजवळ आहे, आणि आपल्याबरोबरच जाईल.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. प्रत्येकीने एक पान लिहावे. लिहिता येत नसेल तिने सांगावे, शेजारणीने उतरवून घ्यावे. साल घालावे, गावाचे नाव घालावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत ही पाने मंडळाच्या कपाटात जमा व्हावीत. मग ती हिंदीत, इंग्रजीत न्यायला आपली नातवंडे आहेतच.

पहिले पान मी आज कार्यवाह ताईंच्या हाती देत आहे. त्यावर नाव माझे आहे, आणि माझ्या आईचेही.