शर्मिष्ठेंतील न्यूट्रॉन तारा

ऑक्टोबरच्या रात्रीं साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरून उत्तरेकडे पाहिलें, तर शर्मिष्ठेचा तारकापुंज सहज ओळखूं येतो. ३ ऑक्टोबर २०१७ रोजीं त्याच दिशेस स्विफ्ट उपग्रहाला क्ष-किरणांचा एक नवा उगम सांपडला. सुमारें ९.८६ सेकंदांनीं एकदां, अशा ठेक्यानें ते किरण येत होते.

हा न्यूट्रॉन तारा होय. द्रव्य सूर्याहून अधिक. परंतु केंद्र सांगलीस कल्पिलें, तर पृष्ठभाग मिरजेपर्यंत किंवा थोडासाच पलीकडे पोहोंचेल! त्याचा सोबती एक मोठा निळसर तारा आहे. सोबत्याभोवतीं वायूचें कडें असून त्यांतील वायु न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो. तो सरळ मात्र पडत नाहीं. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर पुराच्या पाण्यांत भोवरे पडावे, तसा तो फिरत फिरत आंत जातो, तापतो आणि क्ष-किरण फेंकूं लागतो.

अशा भोवऱ्यांतून कधीं कधीं कांहीं द्रव्य प्रचंड वेगानें बाहेरही उसळतें. त्या झोताची खूण रेडिओ-लहरींवरून पटते. तथापि प्रबळ चुंबकत्वाच्या न्यूट्रॉन ताऱ्यांपाशीं असा झोत निश्चितपणें आढळला नव्हता. चुंबकीय क्षेत्र भोवऱ्याला दूर रोखून धरतें, म्हणून झोत जन्मासच येत नाहीं, असें मत रूढ झालें होतें. मत तर्कशुद्ध खरें. पण त्याला आधार काय तो शांततेचा.

अमेरिकेंतील न्यू मेक्सिकोच्या ‘व्हेरी लार्ज ॲरे’ दुर्बिणीला उद्रेकाच्या आरंभीं कांहींच ऐकूं आलें नाहीं. क्ष-किरणांचा भर शिगेस पोहोंचला, तेव्हां रेडिओ-लहरी आल्या. किरण ओसरले, तशा त्याही ओसरल्या. ॲम्स्टरडॅमचे व्हॅन डेन आइंडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं ‘नेचर’मध्यें हा झोत जाहीर केला. इतर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या झोतांच्या मानानें तो जवळजवळ शंभरपटींनीं क्षीण होता. पूर्वींच्या कमी संवेदनशील दुर्बिणींना असा झोत कोठून ऐकूं येणार?

त्याच उद्रेकाचे क्ष-किरण भारताच्या ॲस्ट्रोसॅटनेंही मोजले. त्यावरील एक उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडलें. नारायणगांवाजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच संस्थेच्या. त्या अधिक लांब लहरींसाठीं आहेत. हा झोत सांपडला, तो सेंटिमीटर-लहरींत. आतां इतर चुंबकीय ताऱ्यांचे उद्रेकही याच रीतीनें तपासले जात आहेत.