स्थलांतरिताचे मूल आणि वर्ध्याचा वारसा



वर्धा जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या माणसांनी घडविला आहे. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ साली राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावी झाला; बालपणीच ते दत्तक म्हणून वर्ध्यास आले. सेवाग्रामला नयी तालीमचे काम उभे करणारे आर्यनायकम् हे सिंहलमधील तामिळ ख्रिस्ती, तर त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. खुद्द गांधीजींनी आयुष्याची सुमारे एकवीस वर्षे दक्षिण आफ्रिकेत काढली होती. या मंडळींचे दोन-दोन संस्कृतींत वावरणे जिल्ह्याने आपले भूषण मानले.

आता वीटभट्टीवर पाहा. छत्तीसगडहून आलेल्या मजुराचे मूल झोपडीत छत्तीसगढी बोलते, मुकादमाशी हिंदी बोलते, आणि शाळेत गेलेच तर मराठी ऐकते. येथे ते परप्रांतीय. पावसाळ्यात भट्टी बंद पडून गावी परतले की तेथेही अर्धे परकेच. त्याचे दुहेरीपण मात्र कोणी भूषण मानीत नाही. व्यापाऱ्याने घरात मारवाडी आणि दुकानात वऱ्हाडी बोलावी, तर तो बहुभाषिक ठरतो. मजुराने तेच केले, तर त्याला भाषा येत नाही असे म्हणतात. हा भेद संस्कृतीचा नाही, वर्गाचा आहे. पोटाची शाश्वती असेल तर दोन संस्कृती हा वारसा होतो. ती नसेल तर दोन्हीकडून हकालपट्टी होते.

परप्रांतीयांमुळे मजुरी पडते, ही स्थानिक मजुराची तक्रार खोटी नाही. तिचे निदान मात्र चुकीचे आहे. मजुरी पडते ती उचलीमुळे. आगाऊ उचल घेऊन बांधला गेलेला माणूस मजुरीबद्दल घासाघीस करू शकत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना सारख्या कामासाठी स्थानिकांइतकेच वेतन मिळावे, हे तत्त्व १९७९ च्या कायद्याने मान्य केले. ते भट्टीपर्यंत पोहोचवावयाचे तर दोघांची संघटना एकच हवी. भूमिपुत्राची घोषणा नेमकी हीच एकजूट फोडते आणि मालकाच्या पथ्यावर पडते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा ठराव केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही माध्यम शक्यतो मातृभाषा असावे असे म्हटले आहे; शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, म्हणून प्रवेश अडविता येत नाही. ज्या जिल्ह्यातून हा विचार देशभर गेला, तेथेच भट्टीवरचे मूल शाळेबाहेर राहावे, यापरता विरोधाभास कोणता?

कार्यकर्त्यांनी या हंगामात आपापल्या तालुक्यातील भट्ट्यांवर जावे, मुलांची नोंद करावी आणि त्यांना शाळेत बसवून यावे. ‘तू कुठला?’ हा प्रश्न त्या मुलाला रोजच ऐकावा लागतो. ‘तू कितवीत आहेस?’ हे त्याला विचारणारे कोणीतरी हवे.