चाळीचा इतिहास कोणी लिहावयाचा?



वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथील बी. डी. डी. चाळींची गणती सरकारी दप्तरी चोख आहे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. इमारती २०७, प्रत्येकीत खोल्या ८०, खोली १६० चौरस फुटांची. भिंतींचा हिशेब असा तपशीलवार आहे. परंतु त्या भिंतींच्या आत कोण राहिले व कशावर जगले, याचा हिशेब कोठे आहे?

आपत्ती आली म्हणजे मात्र दप्तर आपली दखल घेते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल पेटली, तेव्हा तेथील दलितांची हकीकत न्यायमूर्ती भस्मे आयोगापुढे नोंदली गेली. पण एरवीचे काय?

कुटुंब गावी ठेवून आलेला गिरणी कामगार जेवत होता तो चाळीतल्या बाईच्या खाणावळीत. पगार होईपर्यंत उधारीवर. त्या उधारीपायी ती बाई सावकाराच्या व्याजात अडके. अशा स्त्रियांची संघटना म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कामगाराचा पगार थांबला, तशी खाणावळीची चूलही मंदावली. संपाचा इतिहास लिहिला गेला. चुलीचा कोणी लिहिला?

आज या चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु जुनी भिंत पडते, तेव्हा एक साक्षीदारही पडतो.

मी वकील आहे. जे कागदावर नाही ते सिद्ध करणे किती दुष्कर असते, हे मी न्यायालयात नित्य पाहतो. भाडेपावतीवर बहुधा पुरुषाचेच नाव असते. शेकडो भुकेल्यांना जेवू घालणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचा पुरावा तिच्या उधारीच्या वहीत असतो. म्हणून सामान हलविताना ती वही, गिरणीचा पास, जुने रेशनकार्ड रद्दीत घालू नका. शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांजवळ बसावे. कोणत्या मजल्यावर कोण राही, कोणता धंदा करी, तो का बंद पडला, हे विचारून तारखेसह लिहून घ्यावे व खाली त्यांची सही घ्यावी.

दुसऱ्यांनी आपली मोजदाद पुष्कळ केली. आता आपली हकीकत आपणच लिहावयास हवी.