खडकापर्यंत पोचण्याचा खर्च



अध्यक्षाने आपल्या विषयाचा गौरव करावा अशी रीत आहे. पण भूशास्त्र किती थोर आहे हे या सभागृहात कुणाला पटवायचं? मी आज पैशांबद्दल बोलणार आहे, आणि तेही मोठ्या पैशांबद्दल नाही. बसचं भाडं, मुक्कामाची खोली, चार दिवसांचं जेवण आणि घोट्याला आधार देणारे बूट, एवढ्यापुरतंच.

मोठे पैसे आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये ‘पृथ्वी’ योजनेला मंजुरी दिली. २०२१ ते २०२६ या काळासाठी ४,७९७ कोटी रुपये. हवामान, समुद्र, ध्रुवप्रदेश, भूकंप या सगळ्यांबरोबर संशोधन, शिक्षण आणि प्रशिक्षणासाठीही त्यात वेगळी उपयोजना आहे. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध तपासण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येत राहिले. आता खुद्द भूकंप जिथे होतात त्या खडकापर्यंत उतरण्याची तयारी कराडच्या प्रयोगशाळेतून चालू आहे. एक-सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडला की खाली ग्रॅनाइटी पायाचा खडक लागतो. ज्यांनी त्या खडकाचा छिद्रातून वर काढलेला गाभा हातात घेऊन पाहिलाय त्यांना त्या खर्चाचं मोल वेगळं सांगायला नको. माझी त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की पुढची तीस वर्षं तो गाभा वाचणारी मुलं कुठल्या घरांतून येणार?

आपल्या विषयाची चाळणी परीक्षेत लागत नाही, त्याआधीच लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून जायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे, त्यासाठी पदव्युत्तर पदवी हवी, आणि त्या पदवीसाठी फील्ड हवं. नकाशा हातात घेऊन ओढ्याकाठाने चालल्याशिवाय, थराचा नती-नतिलंब स्वतः मोजल्याशिवाय भूशास्त्र येत नाही. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. मग नोटीस बोर्डावर सहलीची यादी लागते, खाली वर्गणीचा आकडा असतो. दोन दिवसांनी तीनचार मुलं स्टाफरूमच्या दाराशी येतात. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाची आजी आजारी असते. इथल्या प्रत्येक शिक्षकाने ही लग्नं आणि ही आजारपणं ऐकली आहेत. विदर्भात तर सहली नेमक्या कापूस वेचणीच्या दिवसांत निघतात. म्हणजे मुलाने वर्गणी भरायची आणि वर घरची मजुरीही बुडवायची. ज्याची सहल बुडते त्याचा अहवाल मित्राच्या वहीतून उतरतो, गुण पडतात, पदवीही मिळते. पण पुढे मुलाखतीत कुणीतरी विचारतं, “हा प्रस्तरभंग तुम्ही कुठे पाहिलात?”

मदतीच्या योजना आहेत असं आपल्याला सांगितलं जातं. आहेत. पण बहुतेकींची पद्धत अशी की आधी खर्च करा, बिलं जोडा, मग पैसे मिळतील. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्याला मदतीची तेवढी निकड नसते, आणि ज्याच्याकडे नाहीत तो अर्जापर्यंत पोचतच नाही. खेड्यातल्या भोजनालयाचं जीएसटीवालं बिल आणायचं कुठून, हा आणखी वेगळाच विनोद. संशोधन प्रकल्पाला उचल मिळते, विद्यार्थ्याला का मिळू नये?

उपकरणांचंही तेच. थिन सेक्शन म्हणजे खडकाची चकती काचेवर चिकटवून कार्बोरंडमच्या भुकटीने घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची. क्वार्ट्झचा रंग पिवळ्यावरून राखाडीवर आला की समजायचं, जमलं. हे बोटांना कळायला वेळ लागतो, दहाबारा चकत्या वाया जाव्या लागतात. पण विभागात एकच ध्रुवण सूक्ष्मदर्शक असेल आणि तो कपाटात कुलूपबंद असेल, तर मुलं तयार स्लाइडचं चित्र पाठ करतात. भिंग आणि क्लायनोमीटर प्रत्येकाच्या हातात असावं, ही काही चैनीची मागणी नाही.

मुलींबद्दल बोलताना आपण लगेच १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेचं नाव घेतो. सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत यांनी त्या वेळी अंटार्क्टिकावर पोचून जे केलं त्याचा अभिमान वाटतोच. पण आपल्याच देशात १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करायला मनाई होती आणि तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय कामांपुरती ती वाट मोकळी झाली २०१९ मध्ये. अंटार्क्टिकाच्या बर्फावर पोचलेल्या बाईला कोळशाच्या खाणीत नोकरीवर उतरायला आणखी ३५ वर्षं! कायदा बदलला, आता फील्डवर सोबत शिक्षिका हवी आणि मुक्कामाला नीट संडास-बाथरूम हवं. आईवडील एवढंच विचारतात. दोन्हींना पैसे लागतात, आणि सहलीच्या अंदाजपत्रकात या खर्चाला रकाना नसतो.

माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३: डोंगर कोसळून गाडली गेलेली ही गावं. माळीण आणि इर्शाळवाडी या तर आदिवासींच्या वस्त्या. डोंगराला भेग कधी पडली, झऱ्याचं पाणी कधी गढूळ झालं हे तिथल्या माणसांना आपल्याआधी दिसतं. तरीही डोंगर कोसळल्यावर आपण अभ्यास करायला जातो तेव्हा आपल्या चमूत त्या पट्ट्यातला मुलगा क्वचितच असतो. अटल भूजल योजनेत गावकऱ्यांनीच विहिरींची पातळी मोजायची अशी कल्पना होती आणि ती मला फार पटली. शास्त्रात शिरायला दरवेळी पदवीचाच दरवाजा कशाला हवा?

आता पैसे आणायचे कुठून? नागपुरात उभं राहून हे विचारणंच थोडं गमतीचं आहे. इथून चार तासांच्या आत वणी आणि चंद्रपूरचा कोळसा आहे, भंडाऱ्याचं मँगनीज आहे. पलीकडे एटापल्लीजवळ सुरजागडचं लोहखनिज. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणपट्टाधारकाने रॉयल्टीशिवाय तिथे रक्कम भरायची. लिलावातून मिळालेल्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांना ३० टक्के. या पैशांच्या प्राधान्याच्या बाबींत शिक्षण स्पष्टपणे आहे. त्यातून वर्गखोल्या उभ्या राहाव्यात, जरूर. पण ज्या जमिनीतून हा पैसा निघतो, ती जमीन वाचायला तिथल्या मुलामुलींना शिकवावं, यासाठी किती प्रस्ताव गेले? आपण शिक्षकांनी किती पाठवले? जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर कागद गेल्याशिवाय रुपया हलत नाही, हे आपल्यापैकी सरकारी नोकरीत असलेल्यांना मी काय सांगावं.

आणि सगळंच फील्ड महाग नसतं. मुंबईच्या मुलाला लोकलच्या तिकिटात अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहता येतो. बेसॉल्टचे असे उभे स्तंभ पाहायला लोक परदेशात जातात. घाटातली रस्त्याची कापणी, गावातली नवी खोदलेली विहीर हीसुद्धा प्रयोगशाळाच. ज्या विद्यार्थ्याला डोंगर चढता येत नाही त्याच्यासाठी गाभ्याच्या पेट्या आणि रस्त्यालगतचे उघडे थर निवडता येतात; थोडा विचार आधी करावा लागतो, इतकंच.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येईल. त्यात सूक्ष्मदर्शकांची मागणी पहिली आहे आणि फील्डच्या खर्चाची शेवटची. हा क्रम उलटा करावा, फील्डचे पैसे विद्यार्थ्याला निघण्यापूर्वी मिळावेत आणि खाणजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी खनिज प्रतिष्ठानांकडे स्वतंत्र प्रस्ताव पाठवावेत, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली आणि भंडाऱ्याच्या प्रतिनिधींनी अनुमोदनासाठी आपली नावं जेवणाच्या सुट्टीत कार्यवाहांकडे द्यावीत.